सात नंबरचे धक्के

९ फेब्रुवारी

ठिणगे,

तुला आजी नावाची एक बाई आहे, आठवतंय का? खूण सांगते, म्हणजे ओळख पटेल. ठेंगणी, पुढचे दोन दात गेलेले, उजवा गुडघा जिना चढताना कटकट वाजतो. तू चार वर्षांची असताना विजेच्या बोर्डात केसांची पिन घातलीस, तेव्हा तुझ्या पाठीत धपाटा घातला तो हिनेच. त्या दिवशी तुझ्या आजोबांनी तुझं नाव ठिणगी ठेवलं आणि मला म्हणाले, "पोरगी जगली ना? मग आता ही विजेतच काहीतरी करणार." बघ, पटतेय का ओळख.

तुझं पत्र येऊन किती महिने झाले ते मी मोजत नाही. खालची शिंपीण मोजते. ती म्हणते सात. फोन करतेस हे खरं, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते तू बोललेलीच नसतेस. पत्राचं कसं, शिंपीण दोनदा वाचून दाखवते आणि मग ते उशीखाली ठेवता येतं. फोन उशीखाली ठेवला तर तो गरम होतो.

काल सकाळी भाजी आणायला खाली उतरले तर सात नंबरची बस नाक्यावर उभी, आणि तिच्याखाली दोन माणसं उताणी. मला वाटलं अपघात. बघते तर चाकाजवळ काहीतरी पिळत होती. बाजूला एक बाई वही घेऊन उभी. मी विचारलं, "काय हो, बसचं पोट बिघडलं का?" तर ती म्हणाली, "नाही आजी, धक्क्यांपासून वीज करायचे दांडे बसवतोय. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीची कल्पना आहे. तिची आजी म्हणे याच रस्त्यावर राहते." मी म्हटलं, "राहते कसली, उभी आहे." म्हणजे तुझ्या कामाची बातमी मला बसखालच्या माणसांकडून. शाब्बास.

हे नेमकं काय आहे ते नीट लिही. चाळीस वर्षं बसडेपोत स्प्रिंगचे पाटे बसवणाऱ्याची बायको आहे मी, मला अगदीच अडाणी समजू नकोस. अक्षर येत नाही, पण चाकावर पाटे कशाला लागतात ते येतं.

खालच्या मजल्यावरची शिंपीणच हे पत्र लिहिते आहे, बावीस वर्षं लिहितेय तशीच. मी बोलते, ती लिहिते. अक्षर असं, जशी ओळीने बटणं लावावीत. तिने मध्येच काही घुसवलं तर ते माझं समजू नकोस.

(मी काहीही घुसवत नाही. उलट अर्धं गाळते. — शिंपीण)

तुझी आजी

---

२० फेब्रुवारी

आजी,

ओळख पटली. धपाट्याची जागा अजून दुखते.

चूक झाली, मान्य. तुला आधी सांगायला हवं होतं, पण जमेल की नाही याची खात्री नव्हती, आणि जमलं नाही तर तू जन्मभर ऐकवलं असतंस.

तर हे असं आहे. आजोबांचे पाटे धक्का झेलायचे आणि पाट्यांशेजारचा शॉकअॅब्सॉर्बर तो पिऊन टाकायचा. आजोबा त्याला शॉकप म्हणायचे. त्या नळीत तेल असतं. चाक खड्ड्यात गेलं की दांडा तेलात खालीवर होतो, तेल तापतं आणि ती ऊब वाऱ्यावर जाते. म्हणजे प्रत्येक खड्डा फुकट जातो. आम्ही नळीत तेलाऐवजी तांब्याच्या तारेचं वेटोळं घातलंय आणि दांड्याला लोहचुंबक लावलंय. दांडा हलला की तारेत वीज तयार होते. बसला असे चार दांडे आहेत. सात नंबरच्या आतले सगळे दिवे सध्या तुमच्या रस्त्यावरच्या धक्क्यांवर चालतात.

तीन मार्गांवर तीन बसगाड्या आहेत, पण राणी सात नंबर! पाण्याच्या टाकीपासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर जेवढी वीज मिळते तेवढी बाकीच्या दोन मार्गांवर मिळून मिळत नाही. आमच्या मोठ्या बाई रोज सकाळी आधी सातचेच आकडे बघतात.

एकच वाईट बातमी आहे. पुढच्या महिन्यात तुमचा तो रस्ता नवीन होणार म्हणे. आमची मोजणी एप्रिलअखेरपर्यंत आहे. तुम्हाला गुळगुळीत रस्ता मिळणार आणि माझं सगळं मुसळ केरात. नशीब बघ, जगात कुणीतरी खड्ड्यांसाठी रडतंय!

शिंपीणमावशींना नमस्कार. त्यांनी काय काय गाळलं ते मला वेगळ्या कागदावर लिहून पाठवायला सांग.

ठिणगी

---

१४ मार्च

ठिणगे,

डोळे पूस. तुझे खड्डे वाचले.

कसे ते ऐक. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रस्ते खात्याच्या कचेरीत गेले. एकटी नाही, शिंपिणीला ओढून नेलं. तिथला इंजिनिअर तरुण आहे, चांगला आहे, त्याच्या टेबलावर काचेखाली त्याच्या बाळाचा फोटो आहे. त्याला "माझ्या नातीला खड्डे हवेत" असं सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता दिला असता. म्हणून मी म्हटलं, "साहेब, या रस्त्याखालचा पाण्याचा पाइप जुना झालाय. आज तुम्ही रस्ता कराल, उद्या पाणीवाले येऊन तो खणतील. एकाच अंगाला दोनदा कशाला कापता? आधी पाइप बघा, मग रस्ता."

पाइप जुना आहे की नाही मला काय ठाऊक? मी काय जमिनीत राहते? पण तो विचारात पडला. म्हणाला, "लेखी द्या." लेखी म्हटलं की मी शिंपिणीकडे बघते. तिने तिथेच बाकावर बसून असा अर्ज लिहिला की वाचताना इंजिनिअरची मान आपोआप हलायला लागली. मग आम्ही गल्लीत फिरलो. एकोणचाळीस सह्या आणि एक अंगठा. अंगठा माझा.

काल कळलं. काम पुढे ढकललं.

शिंपीण जरा कुरकुरली. म्हणाली, "मी रोज त्याच बसने शाळेत कपडे पोचवते. माझी हाडं खिळखिळी होतात त्याचं काय?" मी म्हटलं, "अगं, माझ्या नातीच्या कामी येतायत तुझी हाडं, रडतेस काय?" तर हसली. हसली की ती खांदे उडवते, तू बघितलंयस.

आता आम्ही दोघी बसने जातो तेव्हा खेळच झालाय. खड्डा आला की मी ओरडते, "लागला गं बाई दिवा!" लोक बघतात. ती म्हणते, मी तुम्हाला ओळखत नाही. आणि शेजारीच बसते.

(अर्ज लिहिताना पाइपबद्दल "बहुधा" असा शब्द मी घातला होता. आजींनी तो काढायला लावला. — शिंपीण)

काढला, कारण "बहुधा"वर कुणी काम थांबवत नाही.

तुझी आजी

---

२५ मार्च

आजी!!

मी हे पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "या आजींना आपल्याकडे घ्या. एवढं आपल्या वकिलालाही जमत नाही."

तू हे करशील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगू, वाटलं होतं थोडंसं.

आकडे झकास येतायत. आता आम्ही दांड्यांतून थोडी जास्त वीज ओढून बघतोय. जास्त ओढली की दांडा जरा ताठ होतो, आत थोडं जास्त हादरतं. पण थोडंच. तुम्हाला जाणवलं का?

मावशींना म्हणावं, हाडांबद्दल आभारी आहे.

ठिणगी

---

१९ एप्रिल

ठिणगीस,

पत्र मिळालं. अक्षर वेगळं दिसेल. शेजारच्या खोलीतले कंडक्टर लिहीत आहेत. सात नंबरवर तीस वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चालत्या बसमध्ये लिहायची सवय, त्यामुळे अक्षर अजून हलतं. ते म्हणतात, थोडक्यात सांगा.

शिंपिणीला कामं फार आहेत. शाळांचे कपडे आहेत. म्हणून तिला त्रास दिला नाही.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच. ऊन वाढलंय.

तुमची ती मोजणी एप्रिलअखेर नक्की संपते ना, ते कळव.

बसमध्ये हादरे जाणवतात का, असं विचारलं होतंस. जाणवतात.

शेजारी नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांचं मांजर माझ्या खिडकीत येऊन बसतं. हुसकलं तर उलट माझ्याचकडे बघतं, मीच पाहुणी असल्यासारखं.

मोजणी कधी संपते ते आधी कळव.

आजी

---

२८ एप्रिल

आजी,

काय झालंय? भांडलात ना दोघी?

लपवू नकोस. बावीस वर्षांत तुझं एकही पत्र मावशींशिवाय आलेलं नाही. मागे त्यांना ताप होता तेव्हाही त्यांनी अंथरुणात बसून लिहिलं होतं, आणि तू त्यात त्यांच्याच काढ्याला नावं ठेवली होतीस. कपडे शिवायला आहेत म्हणून त्या लिहीत नाहीत हे मी कसं मानू? आणि तुझ्या पत्रात एकच विनोद, तोही मांजराचा. नक्की तू काहीतरी टोचून बोलली असशील आणि आता माफी मागायला तुझी जीभ वळत नसेल. आजी, वय झालं तुमचं. जा खाली, दार वाजव, आणि सांग की चुकलं. कंडक्टरकाकांना मधे घालून कट्टी चालवू नकोस.

मावशींसाठी अस्तराचं कापड पाठवतेय, इथे चांगलं मिळतं. भांडण मिटवायला निमित्त होईल.

मोजणीचं विचारलंस. आनंदाची बातमी! दोन महिने वाढवून मिळालीय. आणि का माहितेय? अकरा तारखेला दुपारी सव्वाचारला दवाखान्याजवळ सात नंबरने असा एक धक्का खाल्ला की चारही दांड्यांनी एकदम जोर केला. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. पडद्यावर रेघ सरळ वरच्या काठापर्यंत गेली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्या बाईंनी चहा मागवला. त्या एका रेघेमुळे वरच्यांचा विश्वास बसला.

तेव्हा तेवढे दोन महिने रस्ता सांभाळ, माझी सोन्यासारखी आजी. तो दवाखान्याजवळचा खड्डा तर विशेष.

ठिणगी

---

६ मे

ठिणगे,

कंडक्टरने तुझं पत्र वाचायला घेतलं आणि अकरा तारखेपाशी थांबला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "आजी, पुढचं वाचू का?" मी म्हटलं, वाच. त्याने टाळ्यांपर्यंत वाचलं आणि चहापर्यंतही वाचलं.

आम्ही भांडलो नाही गं. भांडलो असतो तर मी तीन वेळा दार वाजवून आले असते.

अकरा तारखेला दुपारी सव्वाचारला त्या बसमध्ये आम्ही दोघी होतो. तिच्याकडे शाळेच्या कपड्यांचा मोठा गठ्ठा होता, इस्त्री केलेला, पांढरे सदरे. दवाखान्याचा थांबा यायचा होता म्हणून ती आधीच उठून मागच्या दाराजवळ उभी राहिली. मी बसूनच होते, गुडघ्यामुळे मी सगळ्यात शेवटी उठते. बस खड्ड्यात बसली आणि ताडकन वर आली. तिने दांडी सोडून दोन्ही हातांनी गठ्ठा धरला. सदरे चुरगळतील म्हणून. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, कापड खाली पडताना बघू शकत नाही.

मी पुढे बघत होते. मी ओरडले, "लागला गं बाई दिवा!" आणि हसत मागे वळले, तर ती खाली. उजवा हात अंगाखाली. गठ्ठा पोटाशी तसाच.

डॉक्टरांनी मनगटात दोन सळया घातल्या. हाड जुळेल म्हणतात, पण अंगठा आणि पहिलं बोट जवळ येत नाहीत. पेन धरता येत नाही. सुई धरता येत नाही. कात्री बोटांत अडकते, पण मिटत नाही. शाळेचे कपडे दुसऱ्या दुकानात गेले. तिच्या घरी शिवणयंत्रावर कापड घालून ठेवलंय.

मी रोज खाली जाते. ती मला बोल लावत नाही, तेच सोसत नाही. मी म्हटलं, "हे माझ्यामुळे झालं." तर म्हणाली, "अर्ज माझ्याच हातचा होता की." तोंड माझं होतं गं, हात तिचा होता. शिक्षा मात्र हाताला झाली. तोंड अजून बोलतंय.

मागच्या पत्रात मी खोटं सांगितलं. तुझं काम चाललेलं बिघडू नये असं वाटलं. ते अर्धं खरं. अर्धं असं की, ऐकल्यावर तू माझ्याबद्दल काय म्हणशील याची भीती वाटली. सत्त्याहत्तर वर्षांची झाले तरी नातीला घाबरते.

अस्तराचं कापड पोचलं. मी तिला दिलं नाही. माझ्या ट्रंकेत आहे.

(मी कधी मध्ये लिहीत नाही. पण आजी त्या दिवसापासून सात नंबरमध्ये चढलेल्या नाहीत. दवाखान्यापर्यंत चालत जातात, त्या गुडघ्याने. — कंडक्टर)

आजी

---

१५ मे

आजी,

पत्र तीनदा लिहून फाडलं.

तू तुझं सांगितलंस, आता माझं ऐक. यात काही गाळायला तिथे मावशी नाहीत, तर कंडक्टरकाका, तुम्हीही गाळू नका. सगळं वाचा.

आम्हाला हवे होते तेवढे आकडे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच मिळाले होते. तू रस्ता थांबवल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात. मला माहीत होतं. तेव्हा मी लिहायला हवं होतं की आजी, पुरे, आता त्यांना रस्ता करू दे. पण तुझं पत्र वाचून ऑफिसात सगळे माझ्याभोवती जमले होते. पहिल्यांदाच माझं काम इतक्यांना आवडलं होतं. मला अजून हवं होतं. गरज नव्हती, हाव होती.

दुसरं. दांडे ताठ केल्याचं मी तुला सहज लिहिलं, "थोडंच" म्हणून. ते थोडं नव्हतं. आठ एप्रिलला सातचे दांडे आम्ही सगळ्यात ताठ केले. तसं केलं की धक्का दांडा कमी पितो आणि बस जास्त उडते. आम्हाला ते कळत होतं. आमच्या कागदावर त्यासाठी एक रकाना आहे, "प्रवाशांना होणारा त्रास", आणि त्यात आम्ही "सुसह्य" असं लिहिलं होतं. आमच्यातलं कुणीही त्या बसमध्ये उभं राहून गेलेलं नव्हतं. मी तर बसलेसुद्धा नव्हते.

आणि मी टाळ्या वाजवल्या. हे मी पुसू शकत नाही. ती रेघ पडद्यावर चढत होती तेव्हा मावशी पडत होत्या.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सातचे दांडे उतरवायला माणसं पाठवली. अहवालात अकरा तारखेच्या आकड्याखाली काय घडलं ते मी लिहिलंय. त्या आकड्यावर आता कुणी चहा मागवत नाही.

नोकरी सोडावी असं वाटतंय. जूनच्या दुसऱ्या रविवारी निघून तुमच्याकडे येते. मावशींच्या पाया पडेन. अजून काय करता येईल ते मला कळत नाही. तू सांग.

ठिणगी

---

२४ मे

ठिणगे,

कंडक्टरने सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "पोरगी खरी आहे." मी म्हटलं, "उशिरा खरी आहे. आमच्या घराण्यात तसंच असतं."

नोकरी सोडू नकोस. सोडलीस तर तुझं मन हलकं होईल, तिचा अंगठा वळणार नाही. तिथेच बस आणि तो दांडा मऊ कर. वीज कमी आली तर आली. दिवे थोडे मंद लागले म्हणून बसमध्ये कुणी मेलेलं मी ऐकलेलं नाही. आणि पुढच्या वेळी कुठलाही दांडा बसवलास की आधी तू स्वतः मागच्या दाराजवळ उभी राहून जा, हातात गठ्ठा घेऊन. दांडी न धरता. मग भर तो रकाना.

आता रस्त्याचं ऐक. मी आणि कंडक्टर गेलो कचेरीत, अर्ज मागे घ्यायला. इंजिनिअर म्हणाला, "आजी, आता नाही जमणार. तुमचा अर्ज इतका मुद्देसूद होता की आम्ही तो पाणी खात्याकडे पाठवला. त्यांनी खणून बघितलं. पाइप खरंच कुजलाय. आता आधी पाइप, मग रस्ता. दीड वर्ष तरी जाईल." वर माझे आभारही मानले. म्हणाला, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत. मी खाली बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा सरकारने माझा शब्दन् शब्द ऐकला, आणि तेच नको होतं. त्यातून "बहुधा" काढायला लावणारी मीच.

दवाखान्याजवळचा तेवढा एक खड्डा भरा म्हटलं, तर म्हणाला, तात्पुरती खडी टाकतो. टाकली. तीन दिवसांत चाकांनी ती उधळून लावली. आता कंडक्टर रोज संध्याकाळी डेपोत जाऊन एकेका ड्रायव्हरला सांगतो, की तिथे हळू, पायाच्या अंगठ्याने चालव. जुने ऐकतात. नवे हसतात.

येऊ नकोस रविवारी. हे माझं नाही, तिचं म्हणणं आहे. मी तुझं पत्र तिला वाचून दाखवायला लावलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "तिला म्हणावं, एवढ्यात येऊ नको. ती आली की मला हसावं लागेल, आणि ते आत्ता माझ्याच्याने होणार नाही." रागाने नाही बोलली. दमलेल्या माणसासारखी बोलली. कंडक्टरने हे लिहू का म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, लिहा.

मी पूर्वी एक बोलले की ती दोन ऐकवायची. आता मी काहीही बोलले तरी "हो" म्हणते. परवा मी मुद्दाम म्हटलं, तुझ्या हातच्या बाह्या नेहमी लांब व्हायच्या. धादांत खोटं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "हो, व्हायच्या." मी वर येऊन दार लावून घेतलं. तिने एक सणसणीत शिवी दिली असती ना, तर मी गल्लीभर सांगत फिरले असते.

काल दुपारी गेले तर ती खिडकीत संत्रं घेऊन बसली होती. डाव्या हाताने सोलायला बघत होती. साल निघत नव्हती, रस मांडीवर सांडला होता. मी दिसताच तिने ते पदराखाली घातलं. मी म्हटलं, "दे, मी सोलते." तर म्हणाली, "भूक नाही मला."  थोडा वेळ बसले आणि उठले. दुसऱ्याकडून सोलून घेऊन खाणारी ती बाई नाही. उपाशी राहील, पण मागणार नाही.

म्हणून तुला सांगते, काय करता येईल. खायला पाठव. सोलायचं, फोडायचं, मोडायचं असं काही नको. खजूर पाठव, बिया काढून, आणि बिया तू स्वतः काढ. अक्रोड फोडून पाठव, सालीचा कण राहू देऊ नकोस. बदामही चालतील, पण अख्खे नको, तुकडे कर. सगळं एका घासाचं असू दे. डबा जड घे, म्हणजे एका हाताने उघडताना सरकणार नाही. झाकण फिरकीचं नको, नुसतं वर उचलायचं बघ. माझ्या पत्त्यावर पाठवू नकोस, वर तिचं नाव घाल, म्हणजे पोस्टमन तिच्याच दारात देईल आणि मी आणून दिलं असं व्हायचं नाही. मला काही पाठवू नकोस.

आजी